मेंदूला दार लागतं

क्रिस्टेना निपर्ट-एंग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाई एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होत्या. घर आणि नोकरी यांची सरमिसळ लोक कशी होऊ देतात, किंवा कशी होऊ देत नाहीत, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी मतं तर विचारलीच, पण माणसांच्या खिशातल्या वस्तूही न्याहाळल्या. कुणाकडे किल्ल्यांचा एकच जुडगा होता: घर, गाडी, प्रयोगशाळा, सगळं एकाच कडीत. कुणाकडे दोन जुडगे होते आणि ते कधीच एकत्र येत नसत. काहींच्या एकाच कॅलेंडरवर साहेबांची मीटिंग आणि मुलाच्या दाताच्या डॉक्टरांची वेळ शेजारीशेजारी लिहिलेली, तर काहींचं ऑफिसचं कॅलेंडर ऑफिसात आणि घरचं घरात. १९९६ साली हा सगळा अभ्यास 'होम अँड वर्क' या पुस्तकात आला.

मला त्यातली विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की काम आणि घर यांच्यातली सीमा त्यांना चक्क हातात धरता येईल अशा वस्तूंत सापडली. आपण समजतो की ही सीमा मनात असते आणि मनाचा निर्धार पक्का असला की ती टिकते. म्हणून तर घरून काम करणारा माणूस रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडतो आणि स्वतःलाच दोष देतो की आपल्याला शिस्त नाही. पण शिस्तीचा भाग त्यात थोडाच असतो. इतकी वर्षं ही सीमा त्याच्यासाठी दुसरंच कुणीतरी सांभाळत होतं: दारं, जिने, रस्ते, गाड्या, किल्ल्या. हे सगळे पहारेकरी एका झटक्यात रजेवर गेले, आणि मन एकटं उभं राहिलं.

दाराचंच पाहा. स्वयंपाकघरातून तरातरा आतल्या खोलीत जायचं आणि तिथे पोचल्यावर आपण कशाला आलो हेच आठवू नये, हा अनुभव घरोघरी आहे. नोटर डेम विद्यापीठाच्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी त्याचा रीतसर प्रयोग केला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर खोल्याच खोल्या. एका खोलीतल्या टेबलावरून एक वस्तू उचलायची. उचलली की ती दिसेनाशी होते. मग कधी त्याच मोठ्या खोलीत पलीकडच्या टेबलापर्यंत चालायचं, तर कधी तेवढंच अंतर चालून दारातून दुसऱ्या खोलीत जायचं. मध्येच प्रश्न येतो: तुमच्याकडे आत्ता काय आहे? अंतर सारखं, वेळ सारखा, तरी दार ओलांडणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या. खऱ्याखुऱ्या खोल्यांत लोकांना चालवलं तरी तेच. त्याहून गंमत म्हणजे पुन्हा पहिल्या खोलीत नेऊन विचारलं तरी आठवण सुधारली नाही.

रॅडव्हान्स्कींचं स्पष्टीकरण असं: मेंदू दिवस सलग टिपत नाही. तो त्याचे प्रसंगांत तुकडे करतो, आणि परिस्थिती बदलली की आधीच्या प्रसंगाची घडी घालून नवा प्रसंग मांडतो. घडीतलं पुन्हा काढायला वेळ लागतो. म्हणजे आपण ज्याला विसरभोळेपणा म्हणून नावं ठेवतो, ती मेंदूची आवराआवर आहे. हा प्रयोग कुणी ऑफिस आणि घर यांच्यासाठी केला नव्हता. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आलं ते ऑफिसमधून बाहेर पडणं: काचेचं दार, लिफ्ट, खालचा वॉचमन, गेट, रस्ता. घरी पोचेपर्यंत किती वेळा ही घडी घातली जात असेल! आणि आता डायनिंग टेबलाच्या एका कडेला लॅपटॉप आणि दुसऱ्या कडेला ताट, मध्ये दार नाही, उंबरा नाही, काही नाही.

इथे एक शंका येते. ज्याच्या घरात दुसरी खोलीच नाही, त्याने काय करायचं? 'कामासाठी वेगळी खोली ठेवा' हा सल्ला मला नेहमी थोडा क्रूर वाटतो. मुंबईत किती जणांकडे अशी खोली आहे? पण याचं उत्तर पुढच्याच एका प्रयोगात दडलेलं आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दारांचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी सगळ्या खोल्या हुबेहूब सारख्या ठेवल्या, आणि दाराची जादू जवळजवळ नाहीशी झाली. जोडीला दुसरं एखादं डोकं खाणारं काम दिलं तेव्हाच दारं आडवी येऊ लागली. म्हणजे खरी करामत लाकडी चौकटीची नाही. पलीकडचं जग अलीकडच्यापेक्षा वेगळं दिसण्याची आहे.

आणि हे चाळीतल्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नाही. दहा बाय बाराची खोली. पहाटे गाद्यांच्या वळकट्या झाल्या, त्या पलंगाखाली किंवा माळ्यावर गेल्या, सतरंजी पसरली, की तीच खोली दिवाणखाना. सतरंजी उचलून पाट मांडले की जेवणघर. संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोति झालं, पाटी-पेन्सिल निघाली की अभ्यासाची खोली. दार एकच होतं, पण खोल्या चार होत्या, आणि त्या बदलत होत्या हातांनी. घरून काम करणाऱ्याला हेच करता येतं. कामाच्या वेळी टेबलावर एक ठरावीक कापड आणि एक ठरावीक दिवा. काम संपलं की कापड घडी करून कपाटात, दिवा बंद, लॅपटॉप चार्जरसकट नजरेआड. लॅपटॉप नुसता मिटवून तिथेच ठेवला, तर खोली बदलत नाही. घरोघरच्या शिवणयंत्रांना लाकडी झाकण असायचं. धूळ बसू नये म्हणून ते होतंच, पण झाकण पडलं की मशीनचं टेबल होऊन त्यावर फुलदाणी यायची, आणि घरातल्या पोरांनाही कळायचं की आता आईचं शिवण संपलं. घरातल्या बाकीच्यांना कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. सीमा आपल्याला दिसते तशी ती त्यांनाही दिसावी लागते.

बिछान्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली निद्रानाशावर एक उपचार मांडला. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो: अंथरूण झोपेसाठी ठेवा, तिथे वाचन, काळजी, काम करू नका, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसरीकडे जा. अंथरूण दिसलं की शरीराला झोपच आठवली पाहिजे. पन्नास वर्षं उलटली तरी निद्रानाशाच्या औषधाविना उपचारांत ही पद्धत अजून पहिल्या रांगेत आहे. घरात कोपरा उरला नाही तर जमिनीवर चटई टाकून काम करा, ओट्याशी उभं राहून करा, पण गादीवर नको.

आता प्रवास. कॅलिफोर्नियात लॉथलोरियन रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी तेराशेच्या आसपास नोकरदारांना विचारलं की ऑफिस किती लांब असलेलं तुम्हाला आवडेल. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. शून्य मिनिटं असं उत्तर देणारे अगदी तुरळक निघाले. सरासरी उत्तर आलं १६ मिनिटं. जाण्यायेण्याला शिव्या घालणाऱ्या माणसालाही प्रवास पुरता नको नसतो, हे वाचून मी थक्क झाले. पण मग बायकांच्या डब्याची आठवण झाली. संध्याकाळची लोकल, दादरला खिडकी मिळाली की पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी निघते आणि मांडीवर मेथीची जुडी येते. पानं एका पिशवीत, देठं दुसऱ्या पिशवीत, तोंडाने शेजारणीशी गप्पा. ठाण्यापर्यंत बोलण्यात साहेब असतात. डोंबिवली येईपर्यंत साहेब गेलेले असतात आणि मुलीची परीक्षा, सासूबाईंचा गुडघा, उद्याचा डबा आलेला असतो. त्या डब्यातली घुसमट मला सुंदर करून सांगायची नाही. गर्दीत लटकून रोज माणसं मरतात त्या प्रवासाचं गुणगान कोण करेल? पण माणूस एका भूमिकेतून दुसरीत उतरायला जो वेळ घेतो, तो त्या डब्यात उघड्या डोळ्यांनी दिसायचा.

२०२० मध्ये तो प्रवास एकाएकी थांबला. वाचलेला वेळ गेला कुठे? अमेरिका, युरोप आणि पश्चिम आशियातल्या १६ मोठ्या शहरांतल्या २१ हजारांहून अधिक संस्था आणि ३१ लाखांच्या घरातली माणसं यांच्या ईमेल आणि मीटिंगांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता. प्रवासाने सोडलेल्या जागेत काम अलगद शिरलं. म्हणून ऑफिस घरात आलं तरी सकाळ-संध्याकाळ १५-२० मिनिटं खाली उतरून चालून यावं, शक्यतो चप्पल-बूट घालून, जाताना एका रस्त्याने आणि येताना दुसऱ्या, असं माझं म्हणणं आहे.

पण दिवा बंद केला, चक्कर मारली, तरी रात्री काहीतरी ओढतंच. ही ओढ काय आहे, याचा शोध शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये लागला. कुर्ट लेविन यांच्या हाताखाली ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियान्किना या दोघी काम करत. अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हा झायगार्निक यांचा १९२७ चा निष्कर्ष जगभर गाजला, पण नंतरच्या प्रयोगांत तो फारसा टिकला नाही. ओव्हसियान्किना यांचं नाव मागे पडलं, आणि टिकला तो त्यांचाच शोध. त्या लोकांना एखादं काम द्यायच्या, ते रंगात आलं की मध्येच तोडायच्या, आणि मग बाजूला होऊन पाहत राहायच्या. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही, तरी बहुतेक माणसांचे हात आपणहून त्या अर्धवट कामाकडे वळायचे.

रात्री साडेदहाचा लॅपटॉप तो हाच! ऑफिसात हे काम भिंतीपलीकडे कुलपात राहायचं. आता ते हाताच्या अंतरावर आहे.

यावर सापडलेला उपाय इतका साधा आहे की विश्वास बसू नये. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम डोक्यात घुटमळणं थांबवायला ते पुरं करावं लागत नाही. ते केव्हा, कुठे, कसं करणार याचा नेमका बेत केला तरी पुरतं. २०१८ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुण-तरुणींना झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या-परवाची कामं लिहायला लावली, निम्म्यांना झालेली कामं. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. मला वाटायचं, उद्याच्या कामांची यादी झोप उडवेल. झालं उलटंच, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर. तेव्हा लॅपटॉप मिटण्याआधी शेवटची पाच मिनिटं कागदावर लिहा: 'रिपोर्टचं काम' असं मोघम नको, 'सकाळी साडेनऊला रिपोर्टचा तिसरा तक्ता, मार्चचे आकडे आधी' असं.

घरून काम ही संगणकाने आणलेली नवलाई मानणं मला पटत नाही. येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो. विणकराचे पाय मागाच्या खड्ड्यात आणि पाठीमागे घरचा संसार. सोलापुरात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून बिड्या वळत आल्या, हजाराच्या हिशेबाने, तुटपुंज्या मजुरीवर. आणि १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. लिज्जतची पद्धत मला फार विचार करण्याजोगी वाटते. सकाळी केंद्रावर जायचं, कालचे वाळलेले पापड मोजून द्यायचे, लाटणावळ घ्यायची, मळलेलं पीठ तोलून घ्यायचं आणि घरी यायचं. लाटणं घरात, पण दिवसाची सुरुवात आणि हिशेब घराबाहेर. पीठ संपलं की काम संपलं, हे पाटावर डोळ्यांना दिसतं. इनबॉक्सला तळ नाही. संगणकावरच्या कामाला कठीण करतं ते घर नव्हे, हे तळ नसणं. म्हणून सकाळीच आजचं पीठ तोलून घ्यावं: एवढी तीन कामं, मग बस.

मात्र पीठ कोण तोलणार, हा प्रश्न उरतोच. सीमेला दोन बाजू असतात आणि दुसऱ्या बाजूला मालक असतो. गिरणगावात भोंगा वाजायचा. तो कामाला बोलवायचा तसाच सुट्टीही द्यायचा, पण रविवारची सुट्टी भोंग्याने आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. आज त्याच जातीची मागणी फोनबद्दल आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्कात नसण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं.

दोन्ही बाजूंनी मिळून सीमा आखल्याची मला सर्वांत भारावून टाकणारी हकीकत पृथ्वीवरची नाही. १६ नोव्हेंबर १९७३ रोजी जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग हे तिघं स्कायलॅब या अंतराळस्थानकाकडे निघाले. तिघांचीही ही पहिलीच भरारी. सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक उंचीवर घर आणि कामाची जागा एकच. बाहेर पडायला दार आहे, पण पलीकडे पोकळी. झोपायला कपाटाएवढे तीन कप्पे, जेवायला एक टेबल, त्याच्याशेजारी एक खिडकी. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालायचं, त्यामुळे दिवसात पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवायचा आणि तितक्याच वेळा मावळायचा. संध्याकाळ झाली म्हणून थांबावं, तर कोणती संध्याकाळ?

आधीच्या तुकडीने कामाचा फडशा पाडला होता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने नव्या तिघांचं वेळापत्रकही त्याच वेगाने भरलं. एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जायला, वस्तू शोधायला, जागेवर ठेवायला सुद्धा वेळ धरलेला नव्हता. तिघं रोज उशिरा संपवत, चुका करत, जेवताना काम करत, सुट्टीच्या दिवशी मागे पडलेलं उरकत. खाली वाटे ही मंडळी मागे पडतायत. वर वाटे आपण कमी पडतोय. नाताळात त्यांनी अन्नाच्या रिकाम्या डब्यांचं एक झाड केलं, आणि नाताळच्याच दिवशी त्यातल्या दोघांनी सात तास स्थानकाबाहेर राहून कामही केलं. अखेर ३० डिसेंबरला, स्थानक जमिनीवरच्या केंद्रांच्या टप्प्यात असताना, कार आणि ह्यूस्टन यांच्यात मोकळेपणाने बोलणं झालं. (या प्रसंगाला पुढे 'अंतराळातला संप' असं नाव पडलं आणि ते आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितलं जातं. संप झालेला नव्हता. माणसं दमली होती आणि त्यांनी तसं सांगितलं, एवढंच.)

ठरलं ते असं: जेवणाच्या वेळा मोकळ्या. रात्रीच्या जेवणानंतर काम लावायचं नाही. आणि जी कामं अमुकच मिनिटाला करायची गरज नाही, त्यांची एक वेगळी यादी करायची. त्यातलं केव्हा काय करायचं ते वरच्यांनी ठरवायचं. यानंतर कामाचा वेग वाढला. जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून पृथ्वी पाहायला तिघांना वेळ मिळाला. ८ फेब्रुवारी १९७४ ला ते परतले तेव्हा ८४ दिवस झाले होते, तोवरचा जगातला सर्वांत मोठा अंतराळमुक्काम. अमेरिकेचा तो विक्रम पुढे वीस वर्षांहून जास्त टिकला.

आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरही सूर्य दिवसाला सोळा वेळा उगवतो, आणि खाली ह्यूस्टन, मॉस्को, म्युनिक, त्सुकुबा अशी केंद्रं वेगवेगळ्या वेळांना जागी असतात. पुण्यात बसून कॅलिफोर्नियाचं काम करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत रात्रीचे दहा झालेले असतात. स्थानकावर त्यांनी यातलं कुठलंच घड्याळ लावलेलं नाही. तिथे ग्रिनिचची वेळ चालते. सकाळी सगळ्या केंद्रांशी एक बोलणं होतं, त्यात दिवसाची कामं ठरतात. संध्याकाळी दुसरं होतं, त्यात ती मिटवली जातात. आणि त्यानंतर झोपेपर्यंतचा वेळ वेळापत्रकातच अंतराळवीरांच्या नावावर लिहिलेला असतो.